झडती किती, धोका किती

सांगलीहून विमान पकडायचं म्हणजे आधी पुणे गाठायचं, फार तर कोल्हापूरच्या उजळाईवाडीला जायचं. पुण्याचं लोहगाव सांगलीपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं. पहाटेचं विमान असेल तर माणसं रात्री अकरा-बाराला निघतात. भाड्याची गाडी, दिवसभर गाडी मारून आलेला ड्रायव्हर, मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेले आजी-आजोबा. कराड जातं, सातारा जातं, खंबाटकीचा बोगदा येतो आणि बोगद्यापलीकडं ते एस आकाराचं वळण. या सगळ्या वाटेवर त्यांना कुणी थांबवत नाही, कुणी विचारत नाही. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, म्हणजे दिवसाला सुमारे ४६२. आणि तीच माणसं लोहगावला सुखरूप पोहोचली की ओळखपत्र दाखवा, बॅग सरकवा, पट्टा काढा, हात पसरा असं सुरू होतं.

दहशतवादाचा धोका खरंच एवढा मोठा आहे का, हा प्रश्न मग साहजिकच येतो. त्यावर दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणतं, हा सगळा देखावा आहे. दुसरं म्हणतं, एक जीव वाचला तरी सारं सार्थकी लागलं. मला दोन्ही पटत नाहीत. विमानतळावरची तपासणी ही एक गोष्ट नाहीच. ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या घटनांनंतर एकावर एक रचलेल्या दहा-बारा गोष्टींची उतरंड आहे. तिच्यातलं एकेक मडकं वेगळं काढून वाजवून बघायला हवं. हे पाऊल नेमका कोणता मार्ग अडवतं, तो मार्ग आज उघडा आहे का, आणि त्याची किंमत कोण देतं, एवढंच विचारायचं.

सुरुवात सगळ्यात कमी दिसणाऱ्या पावलापासून करू. चेक-इन बॅग देऊनही प्रवासी विमानात चढला नाही, तर विमान उभं करून त्याची बॅग शोधून उतरवतात. बसलेले लोक वैतागतात, कारण विमानाच्या पोटातल्या शंभरेक बॅगांमधून एक काढायला अर्धा तास सहज जातो. या नियमामागं ‘कनिष्क’ विमानाची घटना आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं १८२ क्रमांकाचं उड्डाण आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटलं आणि ३२९ माणसं गेली. व्हँकुव्हरला एका माणसानं बॅग दिली, ती पुढच्या विमानात चढवायला लावली आणि स्वतः चढलाच नाही. टोरंटोला क्ष-किरण यंत्र बिघडलं म्हणून उरलेल्या बॅगा हातातल्या उपकरणानं तपासल्या गेल्या. त्याच कटातली दुसरी बॅग टोकियोच्या नारिता विमानतळावर फुटली आणि सामान उचलणारे दोन कामगार मेले. तीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९८८ ला, स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅन अ‍ॅमचं विमान पडलं, २७० बळी. तिथंही सोबत कुणी नसलेली बॅगच होती.

प्रवासी आणि बॅग यांची जोडी जुळवणं स्वस्त आहे. त्यात कुणाच्या अंगाला हात लावावा लागत नाही, कुणाला जात-धर्म विचारावा लागत नाही, आणि एक मोठा मार्ग बंद होतो. ज्याला स्वतः मरायचं नाही अशा माणसाचा. ही जोडणी आणि पोटातल्या सामानाची क्ष-किरण तपासणी, या दोन गोष्टींसाठी विमानाला तासभर उशीर झाला तरी मी तक्रार करणार नाही. आपल्याकडं नागरी विमान सुरक्षेचा स्वतंत्र विभाग, म्हणजे बीसीएएस, १ एप्रिल १९८७ ला उभा राहिला तोही कनिष्कनंतरच. त्याआधी १९७८ पासून तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातला, म्हणजे डीजीसीएमधला, एक कक्ष होता.

दुसरी गोष्ट अपहरणाची. बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत खेळण्यातलं पिस्तूल का आहे, असा प्रश्न लहान मुलांच्या आयांना नेहमी पडतो. ३० जानेवारी १९७१ ला इंडियन एअरलाइन्सचं ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवलं गेलं ते खोट्या पिस्तुलावर आणि खोट्या हातबॉम्बवर. डिसेंबर १९७८ मध्ये लखनौहून दिल्लीला निघालेलं विमान दोघा तरुणांनी खेळण्यातलं पिस्तूल आणि कापडात गुंडाळलेला क्रिकेटचा चेंडू दाखवून वळवलं; पुढं दोघंही आमदार झाले. एप्रिल १९९३ मध्ये श्रीनगरच्या विमानात एकानं पायाच्या खोट्या प्लास्टरमध्ये पिस्तुलं लपवून आणली होती. म्हणून आज मिरजेच्या दवाखान्यातून पायाला प्लास्टर घालून निघालेल्या माणसाला बाजूला घेऊन जास्त वेळ बघतात. त्याला त्रास होतो हे खरं, पण ही तपासणी हवेतून आलेली नाही.

धातुशोधक दारानं अपहरणं खरंच कमी केली याचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेत १९६८ ते १९७२ या काळात शंभराहून अधिक अपहरणाचे प्रयत्न झाले. जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सुरू झाली आणि आकडा धाडकन खाली आला. मात्र एंडर्स आणि सँडलर या अभ्यासकांनी नंतर दाखवलं की अपहरणं घटली तेव्हा ओलीस ठेवण्याचे दुसरे प्रकार वाढले. हल्लेखोर विचार करतो, एक दार बंद दिसलं की दुसरं शोधतो. रस्त्यावरचा खड्डा असा विचार करत नाही. म्हणून रस्त्यावरचे बळी आणि दहशतवादाचे बळी एकाखाली एक मांडून ‘बघा, हा आकडा किती लहान’ असं म्हणणं अर्धवट आहे. तो आकडा लहान असण्यात तपासणीचा वाटा आहेच. पण किती वाटा, आणि कुठल्या पावलाचा, हे वेगळं काढलं नाही तर ‘काही झालं नाही, म्हणजे सगळं बरोबर चाललंय’ एवढ्यावरच माणूस थांबतो.

२४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी-८१४ हे विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं आणि आठवडाभरानं तीन अतिरेकी सोडून प्रवासी परत आणावे लागले. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्यांच्या पोलिसांकडून काढून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडं, म्हणजे सीआयएसएफकडं, द्यायला सुरुवात झाली. पहिलं विमानतळ जयपूर, फेब्रुवारी २००० मध्ये. आयसी-८१४ मात्र भारतातून सुटलेलंच नव्हतं. आपल्या दारातली झडती कितीही कडक असती तरी हा प्रकार थांबला नसता. थांबवलं असतं ते एका गोष्टीनं. वैमानिकाच्या खोलीचं आतून बंद होणारं, गोळीला न जुमानणारं दार.

ते दार सगळीकडं आलं ११ सप्टेंबर २००१ नंतर. म्यूलर आणि स्टुअर्ट या दोघा अभ्यासकांनी अमेरिकेतल्या उपायांचा हिशेब मांडला, तेव्हा या दारांचा वार्षिक खर्च सुमारे ४ कोटी डॉलर आणि विमानात साध्या वेषात बसवलेल्या सशस्त्र मार्शलांचा सुमारे ९० कोटी डॉलर निघाला. दार परवडणारं ठरलं, मार्शल नाही. त्याच काळात प्रवासीही बदलले. डिसेंबर २००१ मध्ये बुटात स्फोटक घेऊन बसलेल्याला आणि डिसेंबर २००९ मध्ये अंतर्वस्त्रात स्फोटक घेऊन बसलेल्याला पकडलं ते शेजारच्या प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी, झडती घेणाऱ्यांनी नाही.

पण या दाराचीही एक बाजू काळी आहे. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकानं मुख्य वैमानिक बाहेर गेल्यावर आतून दार लावून घेतलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं. १५० माणसं गेली. बाहेरून उघडता येऊ नये म्हणून केलेलं दार बाहेरून उघडता आलं नाही. मला अजूनही ते दार योग्यच वाटतं. फक्त कुठलाही उपाय नुसता फायद्याचा नसतो, त्याची वजाबाकीही त्याच वहीत लिहावी लागते, आणि सुरक्षेच्या बाबतीत ती लिहायला कुणी धजावत नाही.

आता प्रवाशाला दिसणाऱ्या भागाकडं येऊ. बॅग पट्ट्यावरून आत जाते तेव्हा पडद्यावर रंग दिसतात. सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे, मधले किंवा मिसळलेले हिरवे, आणि किरण आरपार जात नाहीत तिथं काळं. रंग ठरतो तो पदार्थाच्या अणूंच्या वजनावर. गडदपणा ठरतो जाडी-घनतेवर. प्लास्टिक स्फोटक हा घट्ट, सेंद्रिय, चौकोनी गोळा असतो. आता साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा किलोचा पुडा डोळ्यापुढं आणा. भाजलेला खवा आणि साखर, ठासून भरलेला. किंवा गुळाची ढेप. किंवा हळदीची दाबून बांधलेली पिशवी. पडद्यावर हे सगळं जाड नारिंगी ठोकळ्यासारखं दिसतं. शेजारी चार्जरची वायर आणि पॉवर बँक पडली असेल तर चित्र पुरं होतं. जवान बॅग उघडायला सांगतो ते त्याला पेढे माहीत नाहीत म्हणून नाही. त्याला ठोकळ्याच्या मागं काय आहे ते दिसत नाही, म्हणून.

यावर साधा उपाय आहे. पेढे, गूळ, हळद, बेदाणा असं घट्ट काहीही चेक-इन बॅगेत टाकावं, हातातल्या बॅगेत न्यायचंच असेल तर वर ठेवावं आणि ट्रेमध्ये वेगळं काढून द्यावं. वायरी गुंडाळून एका पिशवीत. लॅपटॉप वेगळा काढायला सांगतात तोही याच कारणानं. बॅटरी आणि सर्किट यांचा दाट थर खालचं झाकतो. जिथं सीटी यंत्रं बसली आहेत तिथं बॅगेचं सगळ्या बाजूंनी चित्र मिळतं, आडवा काप घेऊन बघता येतं आणि लॅपटॉप काढायची गरज उरत नाही. माझ्या मते खर्च करायचाच असेल तर तो अशा यंत्रांवर करावा. कारण ती एकाच वेळी जास्त पकडतात आणि प्रवाशाला कमी छळतात, आणि असे उपाय फार थोडे आहेत.

पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाचं काम किती अवघड आहे याची कल्पना रांगेत उभं राहून येत नाही. जेरेमी वुल्फ या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये एक प्रयोग मांडला. निम्म्या चित्रांमध्ये शोधायची वस्तू असेल तर माणसं ती सुमारे ७ टक्के वेळा चुकवतात. तीच वस्तू शंभरात एकदाच असेल तर चूक ३० टक्क्यांवर जाते. डोळा जे कधी बघत नाही ते बघायचं सोडून देतो. खरा बॉम्ब तर शंभरात काय, कोटीतही एक नसतो. म्हणून यंत्र मधूनच खऱ्या बॅगेच्या चित्रावर सुऱ्याचं किंवा बॉम्बचं खोटं चित्र टाकतं आणि जवानानं ते ओळखलं की नाही याची नोंद ठेवतं. म्हणूनच एका माणसानं सलग २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ पडद्याकडं बघू नये असा दंडक आहे. गर्दीच्या वेळी मनुष्यबळ कमी पडलं की सगळ्यात आधी मोडतो तो हाच दंडक, आणि तो मोडला की बाकीची शिस्त कागदावर राहते. अमेरिकेत २०१५ मध्ये सरकारी पथकांनी लपवून नेलेली खोटी शस्त्रं आणि बॉम्ब ७० पैकी ६७ वेळा पार झाले, ही बातमी बाहेर आली तेव्हा मोठा गहजब झाला होता. माणसाला माणसासारखं न वागवता यंत्रासारखं राबवलं की असंच होणार.

इथं एक गणित करून बघू, कारण सगळ्या प्रश्नाची गाठ त्यातच आहे. डीजीसीएच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांनी १६ कोटी १३ लाख प्रवासी गेले. समजा आपली यंत्रणा इतकी उत्तम आहे की निर्दोष माणसावर ती हजारात एकदाच खोटी शंका घेते. तरी वर्षाला १ लाख ६१ हजार निर्दोष लोकांवर शंका येणार. त्याच वर्षात खरे हल्लेखोर किती? बहुतेक वर्षी एकही नाही. म्हणजे यंत्र वाजलं तर समोरचा माणूस निर्दोष असण्याची शक्यता जवळजवळ पूर्ण आहे, आणि हे कितीही महागडं यंत्र आणलं तरी बदलत नाही.

यातून तपासणी बंद करा असं निघत नाही. निघतं ते असं, की शंका आल्यानंतर माणसाशी जे वागणं होतं, तेच या सगळ्या व्यवस्थेचं खरं वागणं आहे. ती लाखभर माणसं कोण असतात ते आपल्या भागापुरतं बघू.

तासगाव-मिरज पट्ट्यातला द्राक्षबागायतदार घ्या. ठिबकमधून १३:०:४५ हे खत सोडतो. ते पोटॅशियम नायट्रेट. पोत्याला, टाकीला हात लावलेला असतो, तीच पँट घालून निघालेला असतो. विमानतळावर हातावर आणि बॅगेच्या चेनवर बोळा फिरवून यंत्रात घालतात. ते यंत्र बोळ्यावरचे कण तापवून त्यांचे आयन किती वेगानं सरकतात ते मोजतं आणि नायट्रेटसारख्या खुणा शोधतं. खतामुळं ते वाजू शकतं. ग्लिसरीन असलेलं हाताचं मलम, छातीत दुखल्यावर घ्यायची नायट्रोग्लिसरीनची औषधं यांनीही वाजू शकतं. उपाय एवढाच, की निघायच्या आधी हात साबणानं चांगले धुवावेत, शेतातली बॅग प्रवासाला वापरू नये, औषधाची चिठ्ठी वरच्या कप्प्यात ठेवावी. आणि वाजलंच तर घाबरून उलटसुलट बोलू नये. कशावर काम करतो ते सरळ सांगावं. दुसरा बोळा घेतात, बॅग उघडतात, दहा-पंधरा मिनिटांत सुटका होते.

दुसरे विटा, खानापूर, आटपाडीचे गलाईवाले. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत पांगलेली. त्यांच्या कामात नायट्रिक आम्ल रोजचं, त्यामुळं कपड्यांवर, हत्यारांवर त्याचे कण असू शकतात. आम्लाची बाटली तर कुठल्याच बॅगेत चालत नाही, रिकामी धुतलेलीसुद्धा नेऊ नये असंच मी सांगेन. पण त्यांची खरी अडचण वेगळी आहे. अंगावर सोनं किंवा बॅगेत रोकड सापडली की सुरक्षा कर्मचारी ते आयकर खात्याच्या एअर इंटेलिजन्स युनिटला कळवतात. सोन्यानं विमान पडत नाही. पावत्या नसतील तर आयकर खात्यानं जरूर विचारावं, तो त्यांचा अधिकार आहे. पण दहशतवादाच्या नावानं उभी केलेली झडती हळूहळू इतर सगळ्या खात्यांची झडती बनत जाते. मग धोक्याशी तिचं प्रमाण काढायला कुठला धोका धरायचा तेच कळेनासं होतं. धंद्याचा माल नेताना मालकाचं पत्र, चलन आणि पावत्यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत असाव्यात. मोबाइलमधल्या फोटोवर रात्री दोन वाजता कुणाचं समाधान होत नाही.

तिसऱ्या आपल्या घरातल्या बायका. पाटल्या, मंगळसूत्र, जोडवी, नऊवारीचा काष्टा, अंबाड्यातले आकडे. भारतात धातुशोधक दारातून गेल्यावर प्रत्येकाच्या अंगावरून हातातलं यंत्र फिरतंच, म्हणून दागिने आधीच काढून ट्रेमध्ये ठेवायची गरज नसते. उलट तिथं काढून ठेवले की हरवण्याची भीती जास्त. बायकांची झडती पडद्याआडच्या खोक्यात महिला जवान घेते, हे बरोबर आहे. चूक आहे ती संख्येत. पुरुषांना तीन रांगा आणि बायकांना एक खोका, असं चित्र गर्दीच्या वेळी सर्रास दिसतं. गुडघ्याची वाटी बदललेल्या आजी तिथं उभ्या असतात. त्यांनी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी, शस्त्रक्रियेचं कार्ड जवळ ठेवावं. पेसमेकर असेल तर दारातून जाण्यापूर्वीच तोंडानं सांगावं आणि हातानं झडती मागावी. हातातलं यंत्र पेसमेकरवर धरून ठेवू नये असं स्पष्ट म्हणायला लाजू नये.

खर्चाचा हिशेब थोडक्यात. देशांतर्गत तिकिटात विमान सुरक्षा शुल्क म्हणून २०० रुपये असतात. एप्रिल २०२१ पासून हा दर आहे. १६ कोटी प्रवाशांमागं ते ढोबळमानानं ३,२०० कोटी होतात. तपासणीत प्रत्येकाची पंधरा मिनिटं गेली असं धरलं तर ४ कोटी तास. आता समजा एका यशस्वी हल्ल्यानं माणसं, विमान, व्यापार असं मिळून १०,००० कोटींचं नुकसान होतं. मग ही सगळी व्यवस्था तीन वर्षांतून एक हल्ला थोपवत असेल तर खर्च वसूल झाला. कुणी म्हणेल जिवाची किंमत करू नये. मलाही ती करताना बरं वाटत नाही. पण तेच ३,२०० कोटी दुसरीकडं जाऊ शकले असते आणि तिथंही जीवच वाचले असते. गेर्ड गिगेरेंझर या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की ११ सप्टेंबरनंतर विमानाची धास्ती घेऊन अमेरिकन लोक मोटारीनं जाऊ लागले आणि वर्षभरात रस्त्यांवर सुमारे १,५०० माणसं जास्त मेली. आपल्याकडं तपासणीच्या रांगांना कंटाळून लोक सांगली-बंगळूर रात्रीच्या खासगी बसनं जाऊ लागले, तर त्यांचा धोका कमी होत नाही, वाढतो.

बऱ्याच गोष्टी तर दहशतवादाच्या नाहीतच, आणि तिथं मी कडक नियमांच्या बाजूनं आहे. सुक्या खोबऱ्याची वाटी का नेऊ देत नाहीत यावर आपल्याकडं फार चिडचिड होते, कारण खोबऱ्याशिवाय आपला मसाला होत नाही. खोबऱ्यात तेल भरपूर. हवा-उष्णता मिळाली की ते आपोआप तापत जातं आणि पेट घेऊ शकतं. आंतरराष्ट्रीय यादीत ते धोकादायक माल म्हणूनच आहे. कापूर, काडेपेटी, लायटर यांचं तसंच. पॉवर बँक उलट हातातच हवी, चेक-इन बॅगेत अजिबात नको, कारण लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये विझवता येते, पोटात कळतच नाही. मर्यादा १०० वॅट-अवर. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले हजार, म्हणजे ७४, चालते. २७,००० च्या वर गेलं की विमान कंपनीची परवानगी लागते. आकडा पुसलेली पॉवर बँक जप्त होऊ शकते, म्हणून नवी घेताना छापील आकडा बघून घ्यावी. तिखट आणि तेलाचं लोणचं चेक-इनमध्ये टाकावं. तिखट डोळ्यात फेकता येतं आणि तेल हा द्रवच.

द्रवांच्या १०० मिलिलिटरच्या मर्यादेबद्दल मात्र मला शंका आहे. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला पेयांच्या बाटल्यांतून स्फोटक नेण्याचा कट उघडकीला आला, तो गुप्तवार्तेमुळं, झडतीमुळं नाही. नियम आला तो तात्पुरता म्हणून, आणि राहिला. अमेरिकेत बूट काढायची सक्ती उठायला जुलै २०२५ उजाडला. आपल्याकडं हातातल्या बॅगेच्या टॅगवर शिक्का मारायची पद्धत इतकी अंगवळणी पडली होती की ती का आहे हे कुणी विचारत नव्हतं; २०१७ पासून मोठ्या विमानतळांवरून ती टप्प्याटप्प्यानं उठली आणि काहीही बिघडलं नाही. प्रत्येक नियमाच्या मागं एक घटना असते, एक तारीख असते. पुढं त्याची मुदत कधी संपते याची तारीख मात्र कुठंच लिहिलेली नसते. नियम उठवणाऱ्या अधिकाऱ्याला उद्या काही झालं तर जाब विचारतील, न उठवणाऱ्याला कुणीच विचारत नाही. म्हणून प्रत्येक परिपत्रकावर दोन-तीन वर्षांची मुदत छापलेली असावी आणि मुदतवाढ हवी असेल तर त्या काळात या पावलानं काय पकडलं हे लिहून द्यावं लागावं, अशी माझी मागणी आहे.

प्रजासत्ताक दिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास विमानाच्या शिडीपाशी पुन्हा एकदा झडती होते. मे २०२५ मध्ये सीमेवर संघर्ष पेटला, ३२ विमानतळ काही दिवस बंद राहिले, तेव्हा ही दुसरी झडती सगळीकडं लागू झाली. ठरावीक काळापुरतं असं काही वाढवणं मला मान्य आहे, कारण ते परत खाली आणलं जातं. हीच गोष्ट खोट्या धमक्यांची. ऑक्टोबर २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरून शेकडो विमानांना बॉम्बच्या धमक्या आल्या. सुरुवातीला विमानं वळवली, उतरवली, प्रवासी खाली काढले. मग धमकीचं मूल्यमापन करणाऱ्या समितीनं, धमकी कुणी दिली, खातं निनावी आहे का, उड्डाणाचा तपशील नेमका आहे का, हे बघून वर्गवारी करायचे निकष सुधारले. प्रत्येक धमकीला सारखंच घाबरायचं नाही, हे तिथं व्यवस्थेनं स्वतःच ठरवलं.

आणि दोन मार्ग असे आहेत जिथं प्रवाशाची झडती काहीच करत नाही. पहिला आतल्या माणसाचा. ३१ ऑक्टोबर २०१५ ला इजिप्तच्या शर्म-अल-शेखहून निघालेलं रशियन विमान स्फोटानं पडलं, २२४ माणसं गेली, आणि संशय विमानतळावरच्या माणसावर गेला. सामान चढवणारे, जेवण पोहोचवणारे, सफाईवाले, दुरुस्तीवाले यांचे परवाने, त्यांची पार्श्वभूमी, त्यांचे पगार आणि त्यांच्या आत-बाहेरच्या तपासण्या यांकडं जितकं लक्ष हवं तितकं चर्चेत कधीच नसतं. दुसरा मार्ग रांगेचा. मार्च २०१६ मध्ये ब्रुसेल्सला स्फोट झाले ते तपासणीच्या अलीकडं, गर्दीत. जून २०१६ मध्ये इस्तंबूललाही हल्लेखोर गर्दीवरच आले. आपल्याकडं टर्मिनलच्या दारातच तिकीट आणि ओळखपत्र बघतात, त्यामुळं आतली गर्दी कमी होते. पण सुट्टीच्या सकाळी तीच गर्दी दाराबाहेर फुटपाथवर उभी राहते, बॅगा न तपासलेल्या. तिथं एक दार जास्त उघडलं, महिलांचा एक खोका वाढवला, पडद्यासमोरच्या जवानाला वेळेवर बदली मिळाली, तर रांग लहान होते आणि त्याच पैशात धोकाही कमी होतो. पुढच्या वेळी सुरक्षेवरचा खर्च वाढवायची चर्चा निघाली की पहिले पैसे या तीन कामांना द्यावेत. साताऱ्या-सांगलीची कितीतरी पोरं याच गणवेशात पडद्यासमोर बसलेली आहेत, त्यांच्या वीस मिनिटांच्या पाळीची चौकशी आपल्या खासदारांनी संसदेत करायला हरकत नाही.